उजव्या हाताची दिशा



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला आणि नेहमीप्रमाणे खऱ्या बोलण्याला सुरुवात झाली. आमच्यातल्या एकीला घरकुल मंजूर झालं आहे. सासऱ्यांच्या माघारी दोन भावांत जागेची वाटणी झाली आणि रस्त्याकडचा तुकडा हिच्या वाट्याला आला. रस्ता दक्षिणेला, म्हणून घराचं दार दक्षिणेलाच येणार. झालं, घरात कुजबुज सुरू झाली. दक्षिणेचं दार म्हणजे यमाचं दार, लेकराबाळांच्या घरात ते नको. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागची जागा घ्या, तिथं पूर्वेला दार करता येईल. पुढची मी घेतो, मला काही दिशेचं एवढं नाही."

आता मागच्या जागेला रस्ता नाही. पुढच्या जागेत उद्या पिठाची चक्की टाकता येईल, दुकान काढता येईल. हे सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. तेवढ्यात आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "दक्षिण एवढी वाईट असती, तर आपला जोतिबा दख्खनचा राजा कसा झाला गं?"

सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत पुरला. खरंच, दक्षिण म्हणजे काय? हा शब्द आला कुठून? तो शोधताना मी कुठच्या कुठे गेले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी एक करा. आहात तिथंच उभ्या राहा आणि तोंड उगवतीकडे करा. सूर्य उगवतो ती बाजू समोर आली. आता उजवा हात खांद्याच्या रेषेत पसरा. तो हात दाखवतोय ती दक्षिण. संस्कृतात 'दक्षिण' या शब्दाचा एक अर्थच 'उजवा' असा आहे. आपल्या जुन्या माणसांनी दिशांची नावं ठेवली ती उगवत्या सूर्यासमोर उभं राहून. 'पूर्व' म्हणजे पुढचं, आधीचं. म्हणून पूर्वज, म्हणून पूर्वी. 'पश्चिम' म्हणजे मागचं, नंतरचं. पश्चात्ताप हा त्याच घरातला, नंतर होणारा ताप. 'उत्तर' म्हणजे वरचं, पलीकडचं. डोंगर-हिमालय त्या अंगाला. आणि 'दक्षिण' म्हणजे उजव्या हाताचं. हिंदीत उजव्या हाताला 'दाहिना' म्हणतात, तो शब्दही 'दक्षिण'चाच झिजून झालेला.

आपल्याकडे खेड्यात पूर्व-पश्चिम कुणी फारसं म्हणत नाही. आपण म्हणतो उगवत आणि मावळत. "मावळतीच्या अंगाला विहीर आहे." पुण्याच्या मावळतीला सह्याद्रीच्या कुशीतला जो मुलूख, तो मावळ, आणि तिथले ते मावळे, असं सांगतात. म्हणजे शिवरायांच्या शिपायांच्या नावातसुद्धा एक दिशा लपलेली आहे. पण दक्षिण आणि उत्तर या दोन दिशांना सूर्य उगवतही नाही आणि मावळतही नाही. त्यामुळे त्या सांगायच्या तर माणसाला स्वतःचं अंगच वापरावं लागलं. दक्षिण ही आकाशातून आली नाही, ती माणसाच्या खांद्यातून निघाली.

हा हात उजवा, म्हणजे कामाचा, निपुण. 'दक्ष' म्हणजे कामात तरबेज, जागरूक. दक्ष आणि दक्षिण ही एकाच घरातली भावंडं. तिसरं भावंड म्हणजे दक्षिणा. यज्ञ करणाऱ्याला काम संपल्यावर जे द्यायचं ती दक्षिणा. फार जुन्या काळी ती बहुतेकदा गाय असायची. आणि चौथी प्रदक्षिणा. वटपौर्णिमेला आपण वडाला फेऱ्या घालतो तेव्हा वड आपल्या उजव्या हाताला राहतो ना? उजवीकडे ठेवून फिरणं, म्हणून ती प्रदक्षिणा. आता मला सांगा, जिच्या नात्यात निपुणता आहे, दान आहे, देवाभोवतीची फेरी आहे, ती दिशा मुळातच अशुभ कशी असेल?

या शब्दाचा आपल्या मातीतला जुना पुरावा हवा असेल तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावं लागतं. कोकणातून देशावर चढणारी ही फार जुनी वाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून इथून वर यायचा आणि जुन्नरवरून पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी खडकात कोरलेलं एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत एक मोठा लेख आहे. भाषा प्राकृत. दोन हजार वर्षांहून जुना. तो सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख म्हणून ओळखला जातो.

नागनिका ही सातकर्णी राजाची राणी, एका महारठी घराण्याची लेक. नवरा गेल्यावर, मुलं लहान असताना, तिनं कारभार सांभाळला असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, पण वरची नावं वाचता येतात. त्यात राणी नायनिकेचं नाव आधी आणि राजा सातकर्णीचं नंतर आहे. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. आपल्या घरावरची पाटी आठवली.

तर त्या लेखात आपला शब्द दोन अर्थांनी भेटतो. राजाला 'दखिनापठपति' म्हटलं आहे. दगड झिजून तिथली काही अक्षरं तुटली आहेत, ती अभ्यासकांनी जोडून वाचली. दखिनापठ म्हणजे दक्षिणापथ, दक्षिणेकडचा प्रदेश, आणि त्याचा धनी तो दक्षिणापथपती. आणि पुढे राजा-राणीनं केलेल्या यज्ञांची यादी आहे. प्रत्येक यज्ञानंतर काय दिलं ते लिहिलं आहे: गायी, घोडे, हत्ती, गावं, चांदीचे दागिने, कार्षापण नावाची नाणी. आणि त्या देण्यासाठी शब्द आहे 'दखिना'. एकाच भिंतीवर दखिना म्हणजे दान आणि दखिन म्हणजे आपला मुलूख. हिशेबही आकड्यांत. आपल्या देशात आकडे कसे लिहायचे याचे जे फार जुने पुरावे आहेत, त्यांत हा लेख मोजतात. म्हणजे बायकांनी हिशेबाची वही ठेवणं ही बचत गटानं आणलेली नवी गोष्ट नाही.

अजून एक गंमत. लेखाच्या सुरुवातीला देवांना नमस्कार आहे. त्यात चार लोकपाल येतात, चार दिशांचे राखणदार. त्यांचा क्रम असा: यम, वरुण, कुबेर, वासव. यम दक्षिणेचा, वरुण पश्चिमेचा, कुबेर उत्तरेचा आणि वासव म्हणजे इंद्र, पूर्वेचा. आता हे चौघे आपल्या अंगणात मांडून बघा. दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर, मग पूर्व: झाली एक प्रदक्षिणा. आणि ती सुरू कुठून झाली? यमापासून, म्हणजे दक्षिणेपासून. ज्या यमाच्या नावानं आमच्या गटातल्या बाईला घाबरवलं जात होतं, त्याचं नाव त्या राणीच्या लेखात चौघांत पहिलं आहे.

यमाची दिशा म्हणून दक्षिणेची भीती आपल्या मनात आहे, ती मी नाकारत नाही. पितरांना पाणी देतात ते दक्षिणेकडे तोंड करून. धनत्रयोदशीला आपण यमासाठी दिवा लावतो त्याची वात दक्षिणेला, आणि म्हणून एरवी दिव्याचं तोंड तिकडे करत नाही. पण यमालाच आपण धर्मराज म्हणतो, न्याय करणारा. पितर म्हणजे तरी कोण? आपलीच माणसं. शिवाय दक्षिणमुखी मारुतीला तर आपण मुद्दाम नारळ घेऊन जातो. मारुतीनं दक्षिणेला तोंड केलं तर तो जागृत, आणि बाईच्या घरानं केलं तर ते अवलक्षणी? याचा जरा विचार करा.

आता दुसऱ्या एका राणीकडे जाऊ. ही विदर्भातली. नागनिकेनंतर काही शतकांनी, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, वाकाटकांचं राज्य होतं. रुद्रसेन राजा तरुणपणी गेला आणि त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिनं लहान मुलाच्या नावानं कारभार हातात घेतला. ती उत्तरेतल्या चंद्रगुप्त सम्राटाची लेक. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजच्या रामटेकजवळचं नगरधन. तिनं एक गाव दान दिलं, त्याचा ताम्रपट सापडला आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र, म्हणजे त्या काळचा नोंदणी केलेला दस्तच. त्यात तिनं आधी स्वतःच्या माहेरची वंशावळ लिहिली आहे, आणि मग येते चतुःसीमा. दंगुण नावाचं गाव. कुठलं दंगुण? तर विलवणकाच्या पूर्वेचं, शीर्षग्रामाच्या दक्षिणेचं, कदापिंजनाच्या पश्चिमेचं आणि सिदिविवरकाच्या उत्तरेचं.

म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या कागदात चारही दिशा आहेत. आजच्या खरेदीखतात, वाटणीपत्रात, बक्षीसपत्रात जी चतुःसीमा असते, तीच ही. फक्त एक फरक नीट बघा, कारण माझं आजचं सगळं बोलणं या फरकापाशी येऊन थांबतं. राणीच्या कागदात लिहिलंय, हे गाव 'शीर्षग्रामाच्या दक्षिणेला' आहे. म्हणजे शीर्षग्राम दंगुणच्या उत्तरेला झालं. आपल्या कागदात उलट पद्धत. आपण लिहितो, 'दक्षिणेस अमक्याचं शेत', म्हणजे आपल्या शेतापासून दक्षिणेला अमक्याचं शेत. शब्द एकच. पण एकदा आपण शेजाऱ्याच्या दक्षिणेला आहोत, आणि एकदा शेजारी आपल्या दक्षिणेला. उभं कुठे राहिलात त्यावर सगळं अवलंबून. नुसतं 'दक्षिण' म्हणून काही कळत नाही. विचारावं लागतं: कुणाच्या दक्षिणेला?

हाच प्रश्न घेऊन आता आपल्या सबंध मुलखाकडे बघू. आपल्याला दक्षिणापथ कुणी म्हटलं? ज्यांनी गंगेच्या खोऱ्यात उभं राहून इकडे पाहिलं त्यांनी. विंध्य ओलांडून जी वाट दक्षिणेला जाते ती दक्षिणापथ, आणि ती वाट जिथं पोचते त्या मुलखालाही मग तेच नाव पडलं. नाव दुसऱ्यांनी ठेवलं, पण सातवाहनांनी ते अभिमानानं आपल्या लेखात मिरवलं. सासरी गेलेल्या मुलीला नवं नाव मिळतं आणि पुढे तीच ते नाव मोठं करते, तसं काहीसं झालं.

हे नाव समुद्रापारही गेलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून व्यापाराला येणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' नावानं ते पुस्तक प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याचं नाव त्यात नाही. भडोचच्या बंदराच्या पुढचा मुलूख सांगताना तो म्हणतो, या भागाला 'दखिनाबादेस' म्हणतात, कारण इथल्या लोकांच्या भाषेत दक्षिणेला 'दखनोस' म्हणतात. त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. बहुधा बंदरातल्या कुणा हमालाला, गाडीवानाला विचारलं असेल, बाबा, ही कुठली दिशा? पुढे तो पैठणचं आणि तगरचं, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव सांगतो. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांच्या. तेरहून कापड जायचं, तलम मलमलसुद्धा. ते सूत काय राजानं कातलं असेल? ज्यांनी कातलं त्यांची नावं त्या पुस्तकात नाहीत, पण त्यांच्या सुतानंच आपली दक्षिण त्या पुस्तकात पोचवली.

पुढे बोलण्यात 'दक्षिण'चं 'दक्खिण' झालं, 'दक्खन', 'दख्खन' झालं. 1347 साली गुलबर्ग्याला बहमनी राज्य उभं राहिलं. त्या दरबारात इराण-तुराणातून आलेले सरदार वेगळे आणि इथे जन्मलेले, इथेच रुळलेले सरदार वेगळे. या इथल्यांना म्हणत दख्खनी. म्हणजे दिशेचा शब्द आता माणसांची ओळख झाला. याच मातीत एक भाषा वाढली, तिचं नावही दखनी. आपल्या मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या कितीतरी मुसलमान मैत्रिणी घरात ती बोलतात. ती ऐकताना 'नक्को' हा शब्द कानावर आला तर ओळखा, तो आपला मराठी 'नको' आहे. शेजारणीनं शेजारणीकडून घेतलेल्या विरजणासारखा. दोन्ही घरी दही लागलं.

शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये मालोजी घोरपड्यांना एक पत्र लिहिलं आहे. त्याचा मतलब असा, की दक्षिणेची पादशाही आम्हा दक्षिणी माणसांच्या हाती राहावी, परक्या पठाणांच्या हाती जाऊ नये. त्यासाठी घोरपड्यांनी जुनं वैर विसरून सोबत यावं. इथं दक्षिण म्हणजे उजवीकडची बाजू उरलेली नाही. इथं दक्षिण म्हणजे आपलं घर.

मग मराठे उत्तरेत गेले. इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, काशी अशा ठिकाणी वसले. तिथल्या लोकांनी त्यांना काय म्हटलं? 'दक्षिणी'. तिकडे तंजावरलाही मराठ्यांचं राज्य झालं, तिथं गेलेली मराठी माणसं मात्र तमिळ लोकांच्या हिशेबानं उत्तरेकडून आलेली. आणि आज मुंबईतला माणूस 'साउथ' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे इडली-डोसा असतो, स्वतःचा चुलतभाऊ नसतो. माणूस तोच, फक्त बघणारा बदलला की दिशा बदलते. पुन्हा तोच प्रश्न: कुणाच्या दक्षिणेला?

इंग्रजांनी 'दख्खन'चं 'डेक्कन' केलं. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. कारण त्या कागदांवर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कधी वाचता आलं नव्हतं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातून 1879 मध्ये शेतकऱ्यांना थोडं संरक्षण देणारा कायदा झाला. न वाचलेला कागद केवढा महाग पडतो हे या दख्खननं फार सोसून शिकलेलं आहे.

आणि दक्षिणेचं? दान म्हणून द्यायच्या दक्षिणेची गोष्ट तर याहून मोठी. पेशव्यांच्या काळात पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, दुरून दुरून लोक यायचे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्यातला काही पैसा राखला आणि 1821 मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. 1849 मध्ये सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेच्या पैशातला भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यावर पुण्यात केवढा गदारोळ झाला. जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूनं उभे राहिले. आणि जोतीराव-सावित्रीबाईंच्या मुलींच्या शाळांना सरकारी मदत मिळाली तीही याच दक्षिणा निधीतून. बघा मैत्रिणींनो, जी दक्षिणा मंत्र म्हणणाऱ्याच्या हातावर पडायची, तिचा एक ओघ वळून मुलींच्या पाटी-पेन्सिलीपर्यंत आला. शब्द तोच राहिला, हात बदलले.

त्या विश्रामबागेतल्या पाठशाळेचं पुढे कॉलेज झालं आणि 1864 मध्ये त्याला नाव मिळालं डेक्कन कॉलेज. दक्षिणेच्या पैशातून जन्मलेलं आणि दक्षिणेचंच नाव लावलेलं. तिथंच 1939 पासून इरावती कर्वे शिकवत होत्या. गावोगाव हिंडून माणसांची नाती, घरं, रीतीभाती यांचा अभ्यास करणाऱ्या त्या बाई. नाणेघाटातल्या एका राणीपासून सुरू झालेला धागा असा आपल्या ओळखीच्या काळापर्यंत येतो.

बरं, इतिहास झाला. आता उन्हाचं बोलू. आपल्या महाराष्ट्रात वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा दक्षिणेकडे कललेला असतो. फक्त मे ते जुलैमधले काही आठवडे तो डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. थंडीत तर तो चांगलाच दक्षिणेकडून जातो. म्हणून पौष महिन्यात म्हातारी माणसं आणि बाळंतिणी दक्षिणेच्या ओट्यावर येऊन बसतात. तिथं दिवसभर ऊन असतं. आणि शेतात सौर पंप बसवायला माणसं आली तर त्यांना विचारा, पॅनेलचं तोंड कुठे करता? ते सांगतील, दक्षिणेला. कारण आपल्या देशात दक्षिणेलाच सगळ्यात जास्त ऊन मिळतं. दाराला नको असलेली दिशा विजेला मात्र हवी असते.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीला सगळ्याजणी मिळून करा. सकाळी उशिरा, ऊन स्वच्छ असताना, अंगणात एक काठी सरळ उभी रोवा. तिच्या सावलीचं टोक जिथं पडेल तिथं एक दगड ठेवा. अर्ध्या तासानं टोक सरकलेलं असेल, तिथं दुसरा दगड ठेवा. पहिल्या दगडावर उभ्या राहून दुसऱ्याकडे तोंड करा. तुमचं तोंड पूर्वेकडे झालं. उजवा हात पसरा, ती दक्षिण. पाठीमागे पश्चिम, डावीकडे उत्तर. थोडाफार फरक पडेल, पण कामापुरती दिशा कळते. यंत्र नको, मोबाईल नको, कुणाला विचारायला नको.

मग प्रत्येकीनं आपल्या घराचा किंवा शेताचा कागद आणावा. खरेदीखत असेल, वाटणीपत्र असेल. सातबाऱ्यावर नावं आणि क्षेत्र मिळतं, पण चतुःसीमा या दस्तांत असते. ती मोठ्यानं वाचा. जिला वाचता येतं तिनं दुसरीसाठी वाचावी. 'पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस, उत्तरेस'. आणि मग कागद हातात घेऊन बांधावर जा. दक्षिणेस लिहिलेला रस्ता खरंच दक्षिणेस आहे का? शेजारच्या शेताचा मालक बदलला का? बांध सरकला का? मोजणीचा नकाशा असेल तर त्यावर उत्तरेचा बाण बघा. नकाशात उत्तर सहसा वर असते, त्यामुळे उजव्या हाताला पूर्व येते. गोंधळू नका. नकाशा जमिनीवर ठेवून बाण उत्तरेकडे फिरवा, मग सगळं जुळेल. शंका वाटली तर भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो.

महाराष्ट्रात 1994 पासून आणि सबंध देशात 2005 पासून, वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत हिंदू घरातल्या मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क कायद्यानं आहे. पण हक्क कागदावर येतो तेव्हा तो चार दिशांच्या चौकटीत लिहिला जातो. ती चौकट आपल्याला वाचता आली नाही तर दुसरा कुणी ती आपल्यासाठी वाचून दाखवेल, आणि त्याला सोयीची असेल तशी वाचेल. "दक्षिण वाईट असते, तू मागची जागा घे," हे असंच एक वाचून दाखवणं होतं.

आमच्या गटातल्या त्या बाईनं अजून काही ठरवलेलं नाही. सासूबाईंचं मन मोडायचं नाही आणि जागाही सोडायची नाही, अशा पेचात ती आहे. परवा आम्ही चौघी तिच्या जागेवर गेलो. तिथं काठी रोवली, दगड मांडले. ती दुसऱ्या दगडाकडे तोंड करून उभी राहिली आणि हात पसरला. हात नेमका रस्त्याकडे गेला. तिनं वाटणीपत्र उघडलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "दक्षिणेस, ग्रामपंचायतीचा रस्ता." मग कागद परत घडी करून पदराखाली धरला.

सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण तिथं ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून थोड्या वेळानं त्या स्वतःच घोंगडी घेऊन दक्षिणेच्या बाजूला येऊन बसल्या.